कोंबड्यांना टाकलेली मूठ

एका गावात एक काठवट होती. लाकडाची, जुनी, चांगली रुंद, पीठ मळायची. गोष्ट माणसांचीच आहे, पण काठवटीपासून सुरुवात केली की सांगायला सोपी जाते.

आणि ही काही फार पूर्वीची गोष्ट नाही बरं का. घरोघरी मोबाइल आल्यानंतरची आहे. तेव्हा राजा, राक्षस यांची वाट बघू नका. यात दोन बायका आहेत, चर्चचे एक पाळकसाहेब आहेत आणि थोड्या कोंबड्या आहेत.

गाव लहान, त्यातलं चर्च लहान, आणि चर्चची मंडळी म्हणजे चाळीस घरं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन व्हायचं. प्रभू येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी एकाच गोळ्याच्या भाकरीतला तुकडा खायचा आणि काळ्या मनुकांचा रस घोटभर प्यायचा, असा तो विधी. दुसरीकडं यासाठी बेकरीतून पाव आणतात. या गावाची रीत वेगळी होती. त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी प्रत्येक घरानं एक मूठ पीठ आणून काठवटीत टाकायचं. घरात ज्वारी असेल तर ज्वारीचं, बाजरी असेल तर बाजरीचं, गहू, तांदूळ, जे असेल ते. रविवारी सकाळी सगळ्याचा एकच गोळा मळायचा आणि त्याच्या भाकरी थापायच्या.

पण मूठ टाकायच्या आधी काठवटीपाशी बसलेली बाई एक प्रश्न विचारायची. "मनात कुणाबद्दल काही आहे का?"

"नाही" असं खरेपणानं सांगता आलं, की मूठ काठवटीत. सांगता आलं नाही, तर मूठ तशीच घेऊन आधी त्या माणसाच्या दारात जायचं, काय असेल ते मिटवायचं आणि मग परत यायचं. एकदा दोन सख्खे भाऊ विहिरीच्या पाळीवरून भांडले होते. शुक्रवारी दोघंही मुठीत पीठ धरून रस्त्याच्या मधोमध उभे, आधी कुणी बोलायचं म्हणून. घामानं मुठीतल्या पिठाची कणीक झाली, तेव्हा कुठं दोघांना हसू फुटलं. अशी ती रीत. वरवर पोरखेळ वाटतो, पण तिनं गावातली बरीच भांडणं वेळेवर मिटवली होती.

काठवटीपाशी बसायच्या त्या राहेलकाकू. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला म्हणून माहेरी परत आलेल्या, आता साठीच्या पुढं गेलेल्या, अंगानं काटक, बोलायला कमी. पाच जातींचं पीठ एकत्र मळून त्याची भाकर न मोडता थापणं म्हणजे काही चेष्टा नाही. ते त्यांनाच जमायचं. तीस वर्षं त्या काठवटीपाशी बसत होत्या आणि तीस वर्षं चाळीस घरांना तो प्रश्न विचारत होत्या.

त्यांना मात्र तो कुणीच विचारला नव्हता. विचारणाऱ्या बाईलाही कुणीतरी विचारावं, हे रीत घालून देणाऱ्याच्या ध्यानात राहिलं नाही आणि पुढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. राहेलकाकूंच्या मनात काय असणार, असं गाव धरून चालायचं. आणि खोटं कशाला बोलू, काकूही तसंच धरून चालायच्या.

एके दिवशी दुपारच्या एसटीनं सुवार्ता गावात उतरली.

ही सुवार्ता म्हणजे राहेलकाकूंच्या धाकट्या भावाची बायको. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी अंगावरच्या लुगड्यानिशी घर सोडून गेली होती. कुठं गेली, का गेली, कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊ त्यानंतर सात वर्षं जगला. शेवटी शेवटी अंथरुणावर पडून दाराकडं बघायचा आणि विचारायचा, "आली का?" राहेलकाकूच त्याच्या उशाशी होत्या. त्यांनी त्याला पाणी पाजलं, त्यांनीच त्याचे डोळे मिटले. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक वाक्य पक्कं बसलं होतं, की माझा भाऊ या बाईपायी गेला.

आता ती बाई परत आली होती. केस पांढरे, हातात एक पिशवी. शहरात एका दवाखान्यात आया म्हणून तिनं दिवस काढले होते. गिरणीच्या मागं तिनं एक खोली घेतली आणि पीठ गोळा व्हायच्या शुक्रवारी मुठीत तांदळाचं पीठ घेऊन ती राहेलकाकूंच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या शेवटी आली, मुद्दाम.

"सलाम, वन्सं," ती मंडळीच्या रीतीप्रमाणं म्हणाली. "ओळखलंत का?"

ओळखलं नाही असं कसं होईल? पण ओट्यावर अजून दोघी-तिघी बसल्या होत्या, सगळ्यांचे कान इकडंच. काकूंनी तीस वर्षांच्या सवयीनं विचारलं, "मनात कुणाबद्दल काही आहे का?"

सुवार्तानं आपल्या मुठीकडं बघितलं. मग म्हणाली, "होतं पुष्कळ. रोज प्रार्थना करतेय. कमी होतंय."

आता रीतीप्रमाणं काकूंनी पुढं विचारायला हवं होतं, कुणाबद्दल आहे, त्या दारात जाऊन ये. पण ते दार कुणाचं निघेल याची काकूंना धास्ती वाटली. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "काठवट भरली आता. त्या वाटीत ठेव. मी घालते मागाहून."

सुवार्तानं वाटीत पीठ ठेवलं, हात झटकला तोही वाटीतच, आणि डोळे पुसत गेली.

बायका पांगल्यावर राहेलकाकूंनी वाटी उचलली. काठवटीकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मग परसदारी गेल्या आणि वाटी कोंबड्यांपुढं पालथी केली. कोंबड्यांना काय, त्यांनी मिनिटभरात फस्त केलं. काकूंना वाटलं, एक मूठ कमी पडली म्हणून भाकरीचं काय बिघडतंय?

रविवारी प्रभुभोजन झालं. सुवार्ता शेवटच्या ओळीत बसली होती. तुकडा हातात पडल्यावर तिनं तो कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला. उपासना संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत काकूंपाशी आली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"वन्सं, माझी मूठ गेली ना त्यात?"

"गेली," राहेलकाकू म्हणाल्या.

एकच शब्द, पण तो तोंडातून निघाला तसं काकूंना कळलं की पीठ टाकलं ते वेगळं आणि हे वेगळं. ते रागाच्या भरात झालं होतं. हे मात्र त्या थंड डोक्यानं, तिच्या डोळ्यांत बघून बोलल्या होत्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण तेवढ्यात पाळकसाहेबांनी मोबाइल काढला. माणूस तरुण, मनानं चांगला, मंडळीसाठी राबणारा. फक्त जे चांगलं दिसेल ते आधी मोबाइलमध्ये धरायचं आणि मग डोळ्यांनी बघायचं, अशी त्यांना सवय लागली होती. हातात हात घेतलेल्या नणंद-भावजय त्यांनी टिपल्या. खाली लिहिलं, "बावीस वर्षांनी घरी आलेली मूठ. याला म्हणतात क्षमा." आणि दिलं पाठवून.

दोन दिवसांत ते कुठल्या कुठं गेलं. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर, गावातून तालुक्याला, तालुक्यातून आखाती देशांत नोकरीला गेलेल्या पोरांपर्यंत. कुणी हात जोडले, कुणी फुलं पाठवली. वर्षानुवर्षं फोन न केलेल्या मावसबहिणीचा काकूंना फोन आला. "राहेल, तुझं मन केवढं मोठं गं!" काकू "हं" म्हणाल्या आणि चुलीवर दूध ठेवलंय असं सांगून फोन ठेवला. दूध ठेवलेलं नव्हतं.

मग शहरातल्या एका मोठ्या मंडळीचा निरोप आला. पुढच्या पहिल्या रविवारी तीस पाहुणे बस करून येणार, ही रीत डोळ्यांनी बघणार, राहेलकाकूंना शाल घालणार, आणि काकूंनी आपली साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पाळकसाहेब धावतच सांगायला आले. "काकू, पाचच मिनिटं बोलायचं. क्षमा कशी केली तेवढं सांगा."

त्या आठवड्यापासून राहेलकाकूंना अन्न गोड लागेना. घास तोंडात फिरायचा. चांगली बाई म्हणून लोक जितकं बोलत, तितकं त्यांना आत काहीतरी कुरतडत राही.

शेजारच्या घरात एक सून होती. शिकलेली, गोड स्वभावाची. तिनं काकूंचा उतरलेला चेहरा बघून विचारलं, "काय झालं काकू?"

"एक चूक झालीय माझ्याकडून," काकू म्हणाल्या. कोणती, ते सांगितलं नाही.

"अहो, कशाला टेन्शन घेता? पाप-बिप असलं जुनं काही मनात धरू नका. माणूस आहे, चुकतंच. आधी स्वतःला माफ करायला शिका." असं म्हणून तिनं मोबाइलवर एका बाईंचं व्याख्यान लावून दिलं. बाई छान बोलत होत्या. सकाळी आरशापुढं उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी स्वतःला माफ करते. सात दिवसांत हलकं वाटेल.

काकूंनी मनापासून करून बघितलं. आरसा लहान होता, एका वेळी अर्धंच तोंड दिसायचं. मागणाऱ्या त्याच, देणाऱ्याही त्याच, त्यामुळं माफी लगेच मिळाली. पहिला दिवस बरा गेला. दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी सुवार्ता दारात आली. हातात झाकलेलं भांडं. "वन्सं, अळूची भाजी केलीय. तुम्हाला आवडायची, आठवण होती मला." भांडं हातात देऊन ती गेली आणि काकूंची दोन दिवसांची माफी तिच्या पाठोपाठ गेली.

मग त्या पाळकसाहेबांकडं गेल्या. पाळकसाहेब मांडववाल्याशी बोलत होते.

"साहेब, मला एक सांगायचं होतं. माझ्या हातून पाप झालंय."

"काकू, आपण सगळेच पापी आहोत," पाळकसाहेब हसून म्हणाले. वाक्य खरं होतं. पण सगळेच पापी म्हटलं की कुणा एकाचं काही विचारायचं राहतच नाही.

"तसं नाही. माझं वेगळं आहे."

"रविवार पार पडू द्या, मग निवांत बसू. आता बघा ना, तीस लोकांची जेवणं आहेत." आणि ते पुन्हा मांडववाल्याकडं वळले.

शुक्रवार आला. काकू ओट्यावर काठवट घेऊन बसल्या. एकेक घर येत गेलं. काकू प्रश्न विचारत गेल्या, पण प्रत्येक वेळी आवाज खाली खाली जाऊ लागला. गावातले सगळ्यांत म्हातारे आजोबा, ज्यांना कमी ऐकू यायचं, ते म्हणाले, "राहेल, जरा मोठ्यानं विचार. स्वतःशीच बोलतेस होय?"

आजोबांनी ते सहजच म्हटलं होतं. मूठ टाकून ते काठी टेकत निघूनही गेले. काकू मात्र तिथंच अडकल्या. शेवटच्या बाईची मूठ पडली, ओटा रिकामा झाला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा राहेलकाकूंनी तो प्रश्न स्वतःला विचारला. मनात कुणाबद्दल काही आहे का?

आहे. सुवार्ताबद्दल आहे.

काय आहे? माझा भाऊ तिच्यापायी गेला.

इथवर त्यांना उत्तर पाठ होतं. पण आज त्या उठल्या नाहीत, बसून राहिल्या, आणि त्याच्या खाली दाबून ठेवलेलं वर आलं. भावाचं घर आणि त्यांचं घर यांत एकच भिंत होती. त्या भिंतीपलीकडून त्यांना सगळं ऐकू यायचं. भावाचा चढलेला आवाज, भांडी आदळल्याचा आवाज, आणि मग सुवार्ताचं तोंडात पदर कोंबून रडणं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. काकू तेव्हा काय करायच्या? चूल पेटवायच्या, पीठ मळायच्या, जोरजोरात गीत गुणगुणायच्या. नवरा-बायकोचं आहे, आपण कशाला पडायचं, असं म्हणायच्या. आणि शुक्रवारी सुवार्ता सुजलेल्या डोळ्यांनी मूठ घेऊन आली की तिलाही विचारायच्या, मनात कुणाबद्दल काही आहे का? ती "नाही" म्हणायची. ते खोटं आहे हे काकूंना माहीत असायचं, तरी त्या मूठ घ्यायच्या.

सुवार्ता डोळ्यांसमोर आली की हे सगळं उभं राहायचं. म्हणून तिची मूठ नको होती. काकूंना स्वतःची शिसारी आली आणि त्या काठवटीच्या कडेवर कपाळ टेकून रडल्या.

सुवार्ताची मूठ तेवढी अजून यायची होती. तिची वाट न बघता काकू उठल्या आणि उन्हं उतरायच्या आत गिरणीमागच्या खोलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सुवार्ता मुठीत पीठ घेऊन निघण्याच्या बेतातच होती.

"अगं बाई, वन्सं? तुम्ही कशाला आलात, मी येतच होते."

"सुवार्ता, गेल्या खेपेची तुझी मूठ मी भाकरीत घातली नाही. कोंबड्यांना टाकली. तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

सुवार्ता बघत राहिली. "का वन्सं?"

"माझा भाऊ तुझ्यापायी..." काकूंनी पाठ झालेलं सुरू केलं आणि मध्येच थांबल्या. "नाही. ते खरं नाही. भिंत एकच होती गं. मला ऐकू येत होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

सुवार्ताची मूठ आवळली गेली. बोटांच्या फटींतून पीठ गळायला लागलं, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. काकू वाट बघत होत्या, की ती ओरडेल, शिव्या देईल, रडेल तरी. पण ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं, आपटलं नाही, हळूच लावलं. काकू थोडा वेळ त्या दारापुढं उभ्या राहिल्या आणि मग घरी आल्या. खरं बोललं की लगेच हलकं वाटतं असं कुणी सांगत असेल, तर त्या दिवशी राहेलकाकूंना तसं काही वाटलं नाही.

रविवार उजाडला. मांडव होता, फुलं होती, बस आली, तीस पाहुणे उतरले, सगळ्यांचे मोबाइल वर. पाळकसाहेबांनी राहेलकाकूंना पुढं बोलावलं. काकू आल्या, हातात काठवट घेऊन. काठवटीत कोरडं पीठ होतं.

"काकू, भाकरी?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"केल्या नाहीत," काकू म्हणाल्या, आणि मंडळीकडं तोंड केलं. "मला इथं शाल घालायला बोलावलंय. मी कुणाला क्षमा केलेली नाही. सुवार्ता बावीस वर्षांनी मूठ घेऊन आली, ती मी कोंबड्यांना टाकली आणि तिच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही जे मोबाइलवर बघितलंत ते खोटं आहे. मी तुम्हाला तीस वर्षं विचारत आले, मला विचारायचं राहून गेलं. आता विचाराल तर उत्तर हे आहे. या पिठाला हात लावायची माझी लायकी नाही. दुसऱ्या कुणीतरी मळावं."

त्यांनी काठवट खाली ठेवली. भिंतीपलीकडचं त्यांनी सांगितलं नाही. ते सुवार्ताचं होतं, चारचौघांत मांडायचा हक्क त्यांना नव्हता.

पाहुण्यांपैकी दोघा-तिघांनी मोबाइल खाली घेतले. पाळकसाहेबांच्या हातातला अजून चालूच होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, बंद केला आणि खिशात टाकला. "या बाई माझ्याकडं आल्या होत्या," ते म्हणाले. "मी त्यांना रविवारनंतर या म्हणालो. माझंही चुकलं. मलाही कुणीतरी विचारायला हवं होतं." एवढं बोलून ते काकूंच्या शेजारी खाली बसले.

तेव्हा शेवटच्या ओळीतून सुवार्ता उठली.

चाळीस घरं आणि तीस पाहुणे तिच्याकडं बघत होते. ती पुढं आली आणि राहेलकाकूंसमोर उभी राहिली. बोलली ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी घर का सोडलं, हे या गावाला माहीत नाही. मी मार खात होते म्हणून सोडलं. कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटायचं, कुणाला खरं वाटणार नाही. बावीस वर्षं मी एकटीच होते त्याला साक्षीदार. कधी कधी माझं मलाच खरं वाटायचं नाही. म्हणायचे, एवढं नसेल झालं, मीच पळपुटी निघाले." तिनं राहेलकाकूंकडं बघितलं. "परवा वन्सं माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, मला ऐकू येत होतं. फार राग आला. दोन दिवस मी जेवले नाही. पण वन्सं, बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं, की ते झालं होतं."

राहेलकाकूंनी मान वर केली नाही.

"माझ्या नवऱ्याचा न्याय देव करील," सुवार्ता म्हणाली. "तो माझ्या हातात नाही. तुमचं मात्र माझ्या हातात आहे, वन्सं. ते मी आज सोडते. तुम्हाला मी क्षमा केली."

आरशापुढं जे सात दिवसांत व्हायचं होतं, ते त्या एका वाक्यानं झालं. राहेलकाकू ढसाढसा रडल्या. कुणी त्यांना उगी केलं नाही. सुवार्ता त्यांच्याजवळ खाली बसली, तिनं पदराची गाठ सोडून त्यातलं तांदळाचं पीठ काठवटीत टाकलं आणि काठवट काकूंकडं सरकवली.

"मळा आता. लोक खोळंबलेत."

"तू पाणी घाल," काकू म्हणाल्या.

चर्चच्या मागं चूल पेटवली गेली. भाकरी व्हायला तासभर लागला. पाहुण्यांना तेवढा वेळ सतरंजीवर बसून राहावं लागलं. काकूंच्याही हातून दोन भाकरी मोडल्या आणि एक करपली. प्रभुभोजनाला त्याच वाढल्या. राहेलकाकूंच्या हातात तुकडा आला तेव्हा त्यांना तो पटकन खाता येईना. पाळकसाहेब पुढं न जाता त्यांच्यापाशी थांबून राहिले. काकूंनी तुकडा खाल्ला, मग ते पुढं गेले.

त्या महिन्यापासून गावात एवढा एकच बदल झाला. शेवटची मूठ टाकणारं माणूस काठवटीपाशी बसलेल्या बाईला तोच प्रश्न विचारू लागलं, आणि तिचं उत्तर आल्याशिवाय काठवट उचलली जाईना.

शाल पिशवीतून निघालीच नाही. पाहुणे जेवले, सगळ्यांना "सलाम" म्हणाले आणि बसमध्ये बसू लागले. एक बाई मात्र चढली नाही. मघाशी सगळ्यांत पुढं उभी राहून शूटिंग करत होती तीच. आता ती बसच्या मागं जाऊन कुणाला तरी फोन लावत होती. पलीकडून कुणी उचलत नव्हतं. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. तिनं हातानं थांबा म्हणून खूण केली आणि पुन्हा तोच नंबर लावला. चौथ्या खेपेला पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणालं असावं, कारण ती बाई एकदम म्हणाली, "ठेवू नकोस. चूक माझी होती."

तात्पर्य काय, तर आपल्या पापाला आपणच माफी देऊन ते फिटत नाही. ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन ते नाव घेऊन सांगावं. दार लागलं तरी जावं, कारण क्षमा करणारा देव त्या दाराच्या आतही असतो.